टी-शर्ट एक, घोळके तीन

प्रश्न एका पथकप्रमुखांचा आहे. आधी तो थोडक्यात सांगते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. इंदूरमध्ये दोन वर्षांपूर्वी एक ढोल-ताशा पथक सुरू झालं. साठेक वादक. त्यात तीन तऱ्हेची माणसं: रामबाग, लोकमान्य नगर भागातली जुनी इंदुरी मराठी घरं, नोकरीसाठी पुणे-नाशिक-नागपूरहून आलेली तरुण मंडळी, आणि मित्रांच्या नादाने आलेली हिंदीभाषक मुलं-मुली. नाव ठरलं, लोगो झाला, टी-शर्ट झाले, व्हॉट्सअॅप ग्रुप तर पहिल्याच दिवशी झाला. गणपतीचे दहा दिवस सगळे एकदिलाने वाजवतात आणि विसर्जन झालं की तीन घोळके. मागच्या वर्षी ‘पुण्यात असं चालत नाही’ या एका वाक्यावरून ठिणगी पडली आणि काही जण सोडून गेले. आता पथकप्रमुखांचं विचारणं असं की सगळ्यांना हे पथक आपलं वाटावं म्हणून काय करावं? शपथ, पथकगीत, की एखादी सहल?

मी समाजकार्यातली. गट बांधणं हेच माझं काम. वस्त्यांमधले बायकांचे बचत गट, पीथमपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या समित्या, आणि इंदुरात मराठी म्हटल्यावर सुटका नाही म्हणून दोन-चार मंडळंसुद्धा. ढोल मी वाजवत नाही, पण पथकांच्या बैठकांमध्ये बसले आहे. तिथे वाद कसे सुरू होतात आणि कुठे जाऊन थांबतात, ते चांगलं ठाऊक आहे.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच: दहा दिवस सगळे एक असतात. म्हणजे एकीची भावना तयारच होत नाही, असं नाही. ती होते आणि मावळते. तेव्हा ‘आपलेपणा कसा आणायचा’ यापेक्षा ‘आलेला आपलेपणा अकराव्या दिवशी जातो कुठे’ हा तुमचा खरा प्रश्न आहे. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

आपला गट आणि दुसऱ्याचा गट ही भावना फार स्वस्तात तयार होते. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग १९७१ साली प्रसिद्ध झाले. मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, क्ले आणि कँडिन्स्की, आणि कोणती आवडली ते विचारलं. मग ‘तू क्ले गटातला, तू कँडिन्स्की गटातला’ असं सांगितलं. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच केली होती. गटात दुसरं कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, गप्पा नाहीत, भेट नाही. तरीही पैसे वाटायला दिल्यावर मुलांनी आपल्या गटातल्या अनोळखी मुलाला जास्त दिले. इतकंच नाही, दुसऱ्या गटापेक्षा आपल्याला जास्त मिळावं म्हणून प्रसंगी आपल्याच गटाचे एकूण पैसे कमी झाले तरी त्यांना चाललं. तेव्हा टी-शर्टाने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. टी-शर्टाने बाजू ठरते, आणि तीही लगेच.

पण बाजू दिसायला समोर दुसरी बाजू लागते. ताजफेलबरोबर काम केलेल्या जॉन टर्नर यांनी पुढे हेच मांडलं: माणूस स्वतःला कोण समजतो हे त्या घडीला समोर कोण आहे त्यावर ठरतं. मिरवणुकीत पुढे दुसरं पथक वाजवत असतं, दोन्ही बाजूंना गर्दी असते, त्या वेळी तुमचे साठही जण फक्त तुमच्या पथकाचे असतात. मंगळवारच्या सरावाला बाहेरचं कुणी नसतं. मग जवळातला जवळ फरक कोणता उरतो? हा पुण्याचा, तो रामबागेतला, ती हिंदी बोलणारी. तुमची माणसं दुटप्पी नाहीत हो. समोरचं बदललं म्हणून त्यांच्या मनातला गटही बदलतो. यावर काही मंडळं सोपा उपाय काढतात: दुसरं पथक वर्षभर नजरेसमोर ठेवायचं, त्यांची टर उडवायची, रील्सखाली एकमेकांना टोमणे मारायचे. उपाय लागू पडतो, यात वाद नाही. फक्त मिरवणुकीत एखाद्या वर्षी टिपरू ढोलाऐवजी कुणाच्या तरी डोक्यात बसतं. मी तो सुचवत नाही.

तर कुणी बघत नसताना टिकेल असा आपलेपणा कशातून येतो? गटाची ओळख दोन वाटांनी तयार होते. एक वरून खाली: नाव, झेंडा, शपथ, इतिहास, नियमावली. कुणीतरी ठरवतं, बाकीचे स्वीकारतात. दुसरी खालून वर: माणसं एकत्र काही करतात, त्यात प्रत्येकाची काही ना काही भर पडते, आणि हळूहळू ‘आपल्याकडे असं करतात’ हे आपोआप ठरत जातं. समूहांचा अभ्यास करणारेही हा भेद मानतात. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. सैन्याचं पहिलीवाचून चालत नाही. पण हौसेने जमलेल्या, पगार नसलेल्या, उद्या सोडून गेलं तरी काही बिघडत नाही अशा माणसांच्या गटात फक्त पहिली वाट धरली, तर ती दोन वर्षांत संपते. तुमची संपली आहे.

एक बचत गट सांगते. संस्थेने दिलेली नियमावली होती, अकरा कलमांची. दर बैठकीत वाचली जायची आणि कुणाच्या लक्षात राहायची नाही. एक कलम होतं की हप्ता चुकला तर पाच रुपये दंड. एकदा एका बाईचा नवरा दवाखान्यात होता, तिचे लागोपाठ हप्ते चुकले. दंड घ्यायचा की नाही यावर बायकांची जुंपली. एकीचं म्हणणं, माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही पाच रुपये काय मोजता. दुसरीचं म्हणणं, आज हिला सोडलं तर उद्या माझ्या जावेला का नाही सोडणार. माझ्या शेजारी बसलेली संस्थेची कार्यकर्ती निर्णय देऊन मोकळी व्हायला निघाली होती, तिचा हात मी धरून ठेवला. चहा झाला, तो निवलाही, आणि मग एक म्हातारी म्हणाली, दंड माफ करू नका, पण ती येईपर्यंत तिचा दंड तिच्या आजूबाजूच्या दोघी भरतील. त्यावर एकमत झालं. दोघींनी तिथल्या तिथे कनवटीचे पैसे काढून पेटीत टाकले. पुढे त्या गटात नवीन बाई आली की अकरा कलमांतलं एकही कुणी तिला सांगत नसे. सांगत ते हे: आमच्यात दंड सुटत नाही, पण एकटीवर पडतही नाही. गट म्हणून त्या कोण आहेत, ते त्या दुपारी ठरलं. संस्थेचं नाव त्या गटाला अनेक महिने आधीच मिळालेलं होतं.

आपल्या शहरातलंच आणखी मोठं उदाहरण बघा. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले देखाव्यांचे रथ, निघतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण. परंपरा सुमारे शंभर वर्षांची. गिरण्या बंद पडून जमाना झाला. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, आणि तिथल्या कामगारांची २२४ कोटींची देणी मार्गी लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. म्हणजे पगार नाही, भोंगा नाही, मालक नाही, थकबाकीसाठी कोर्टाच्या चकरा. तरी झांकी निघत राहिली. वर्गणी काढून, महापालिकेची मदत घेऊन, पण ‘हुकुमचंदची झांकी’ म्हणूनच. लोक याला श्रद्धा म्हणतात, आणि ती आहेच. मी गट बांधणारी, म्हणून मला त्यात आणखीही काही दिसतं. ती झांकी कामगारांनी आपल्या हाताने केलेली होती. लाकडाचा सांगाडा, फिरणाऱ्या मूर्तींची यंत्रं, दिव्यांच्या माळा. कुणाचं वेल्डिंग, कुणाचं सुतारकाम, कुणाचं रंगकाम. शिवाय बक्षिसासाठी दुसऱ्या गिरणीशी चुरस. गिरणी मालकाची होती. झांकीत मात्र प्रत्येकाला बोट दाखवून सांगता येत होतं की हे मी केलं. जे टिकलं, ते हे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या तुम्हीच तपासायच्या. ढोल कुणाचे आहेत? पथकाच्या वर्गणीतून घेतलेले, की दोघा-तिघा संस्थापकांनी पैसे घालून? सुपारी, म्हणजे पैसे घेऊन बाहेर वादन, घेता का, आणि घेत असाल तर त्या पैशाचा हिशोब किती जणांना दिसतो? ढोल चौघांचे आणि सुपारीचा हिशोब दोघांना ठाऊक, अशी स्थिती असेल तर बाकीच्यांना पथक परकं वाटतं हा त्यांच्या भावनेचा दोष नाही. त्यांचं बरोबर आहे, पथक त्यांचं नाहीच. अशा वेळी पुढचं सगळं सोडा आणि आधी हिशोब भिंतीवर लावा. ‘मनं जुळत नाहीत’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मंडळांत वही उघडल्यावर अर्धं दुखणं बरं झालेलं मी पाहिलंय. दुसरं, बाहेरगावची मंडळी किती दिवस इंदुरात टिकतात? दर वर्षी निम्मी बदलत असतील तर घट्ट कुटुंबासारखा गट होणार नाही आणि तशी अपेक्षाही धरू नका. मग नव्या माणसाला लवकर सामावून घेणारी पद्धत बसवणं हेच मुख्य काम. आणि तिसरं, तुमच्या मनात नक्की काय आहे? पथक सगळ्यांचं व्हावं असं खरंच वाटतंय, की सगळ्यांनी तुमचं पथक आपलं मानावं असं वाटतंय? यात राग मानू नका. दुसरंही चालतं, पण मग त्याला साठ माणसं मिळत नाहीत, वीस मिळतात.

सहलीकडे येते. सहल काढायची तर खुशाल काढा, पाताळपाणीला धबधबा बघा, पण तिच्याकडून एकोप्याची अपेक्षा नको. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचं शिबिर घेतलं होतं. मुलांचे दोन गट करून आधी त्यांना वेगवेगळं ठेवलं, मग स्पर्धा लावल्या. एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग एकत्र जेवण, एकत्र सिनेमा असले गोड कार्यक्रम करून पाहिले. जेवणाच्या टेबलावरून एकमेकांवर अन्न फेकण्यापलीकडे काही निष्पन्न झालं नाही. फरक पडला तो शिबिराचं पाणी बंद झालं तेव्हा, आणि जेवण आणणारा ट्रक चालू होईना तेव्हा. रस्सीखेचीला वापरलेला तोच दोर ट्रकला बांधून दोन्ही गटांनी मिळून तो ओढला. अशा कामांमागून कामं झाल्यावर परतीच्या बसमध्ये ती मुलं मिसळून बसली, आणि एका गटाने बक्षिसात मिळालेले पाच डॉलर सगळ्यांना खाऊपिऊ घालण्यात उडवले. अडचणी अर्थात शेरीफ यांच्या माणसांनीच घडवून आणल्या होत्या. तुम्ही तसलं नाटक करू नका. आदल्या वर्षीच्या अशाच एका प्रयोगात आयोजकच आपल्याला झुलवताहेत हा संशय मुलांना आला आणि तो गुंडाळावा लागला. सगळे मिळून तुमच्या विरोधात एक झाले, तर तीही एकीच म्हणा, पण तुमच्या उपयोगाची नाही.

तुम्हाला खरं काम हवंय, आणि ते असं हवं की तिन्ही घोळक्यांपैकी कुणालाच एकट्याने जमणार नाही. आणखी एक अट मी घालीन: ज्याची तयार ‘पद्धत’ कुणाकडेच नाही असं काम. गणपतीच्या मिरवणुकीत पुणेकर मुलं अनुभवाने वरचढ असणार, तिथे ‘पुण्यात असं नसतं’ हे वाक्य येणारच, आणि बऱ्याचदा ते खरंही असणार. म्हणून मैदान बदला. रंगपंचमीची गेर धरा.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, इंदुरात धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. राजवाड्याच्या परिसरातून गेरी, म्हणजे रंगाच्या मिरवणुका, निघतात, टँकरमधून आणि यंत्रांनी गुलाल आणि रंग आभाळात उडतो, लाखांनी माणसं येतात. पुण्यात हे नाही, नागपुरात नाही. गेरीत ढोल वाजवायचा म्हणजे ओल्या रंगात ढोलाची पानं (ज्यावर थाप पडते ते पडदे) सांभाळायची, दोऱ्या भिजतील त्याचं काय करायचं, पुढून पाण्याचा मारा येत असताना ताशेवाल्याचा इशारा मागच्या रांगेला कसा दिसणार, हे सगळं नव्याने ठरवावं लागेल. वादनातलं तंत्र पुण्या-नाशिकच्या पोरांकडे. गल्ल्या, वेळा, कुठे गर्दी तुंबते आणि कुठून ढोल बाहेर काढता येतात हे जुन्या इंदुरी घरांना पाठ. आणि गेर काढणाऱ्यांकडे शब्द टाकायचा तर तुमची हिंदीभाषक मुलंच पुढे लागतील. प्रत्येकाची गरज प्रत्येकाला, आणि मुख्य म्हणजे कुणीच गुरू नाही. पहिल्या वर्षी मोठ्या गेरीत जमलं नाही तर गल्लीतल्या छोट्या फागयात्रेत वाजवा. त्यासाठी एक नवा ‘हात’, म्हणजे वादनाचा ठेका, बसवा, आणि तो बसवणारी टोळी तिन्हींतली मिळून असू द्या. पुढे तो हात वाजला की तो कुठून आला हे सगळ्यांना माहीत असेल.

इथवरचं एकत्र ठेवते: टी-शर्टाने बाजू ठरते, पण समोर दुसरी बाजू असेपर्यंतच. एरवीसाठी सगळ्यांच्या हातचं काहीतरी लागतं, आणि ते तुमच्याकडे अजून फारसं नाही. उरलेल्या गोष्टी लहान आहेत, पण चुकल्या तर महागात पडतात.

सरावाच्या रांगा मिसळा. एका तालात हालचाल केल्याने माणसं जवळ येतात हे नुसतं काव्य नव्हे. २००९ साली स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी दाखवलं की एकत्र पावलं टाकून चाललेली किंवा एका सुरात गायलेली माणसं नंतरच्या खेळात एकमेकांना जास्त सहकार्य करतात. तुमच्या हातात ढोल आहे, यापेक्षा चांगलं साधन कुठल्याच मंडळाकडे नाही. पण पुणेकर ताशावर, इंदुरी ढोलावर आणि हिंदीवाले झेंड्यावर अशी वाटणी झाली असेल, तर रोज दोन तास तुम्ही त्याच फटीचा सराव करून घेताय. ताशा शिकायला इतरांनाही बसवा. सुरुवातीला वाईट वाजेल. वाजू द्या.

भेद पुसायला जाऊ नका. ‘इथे कुणी पुणेकर नाही, कुणी इंदुरी नाही’ हे भाषणात छान वाटतं, पण ज्याला आपलं गाव सोडून चार महिने झालेत त्याला ते झोंबतं. माणसाला मिसळायचंही असतं आणि वेगळं दिसायचंही असतं. गॅर्टनर आणि डोव्हिडिओ या अभ्यासकांनी मोठी, सामायिक ओळख उभी करण्याबद्दल बरंच लिहिलंय, आणि त्यातही हे आहेच की छोटी ओळख न सोडता मोठी घेता येते. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की नागपूरकरांनी सरावाला तर्री पोहे आणावेत, इंदुरींनी त्यावर नाक मुरडावं, आणि हे खुशाल चालू द्यावं. जपायचं ते दुसरीकडे. इंदुरी मुलगा ‘मी येऊन राहिलोय’ म्हणाला आणि कुणी सगळ्यांदेखत त्याचं मराठी सुधारलं, तर ती चेष्टा नसते, तिथे कोण वर आणि कोण खाली ते ठरत असतं. पथकप्रमुखाने तेवढं तिथल्या तिथे थांबवावं. तसंच सूचना फक्त मराठीत देत असाल, तर हिंदीभाषक मुलांना त्या दर वेळी शेजाऱ्याला विचाराव्या लागतात. ती कधीच पूर्ण आत येणार नाहीत.

आत येण्याची वाट सगळ्यांना एकच असावी. कष्टाने मिळालेलं सदस्यत्व माणसाला जास्त प्रिय असतं, यावर १९५९ सालचा अॅरन्सन आणि मिल्स यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याचा आधार घेऊन नवख्यांना छळू नये. ढोल कमरेला बांधून बोटं फुटेपर्यंत केलेला सराव पुरे आहे. पण ऐन मिरवणुकीच्या आठवड्यात पाहुणे वादक आणून पहिल्या रांगेत उभे केलेत, तर दोन महिने पावसात सराव केलेल्याला तुम्ही काय सांगताय, याचा विचार करा.

भांडणाबद्दल. गट जमतो, मग भांडतो, मग नियम ठरतात, मग काम सुरू होतं अशी टकमन यांची १९६५ सालची मांडणी प्रशिक्षणांत सगळीकडे शिकवतात, मीही शिकवते. ती वेळापत्रक म्हणून धरू नका, प्रत्येक गट त्याच क्रमाने जात नाही. पण दुसऱ्या वर्षी भांडण झालं म्हणजे पथक बिघडलं असं नाही, एवढा धीर तिच्यातून घ्या. चूक भांडणात नव्हती. त्यातून नियम निघाला नाही, ते राहून गेलं. ‘पुण्यात असं नसतं’ यावर ‘मग आपल्याकडे कसं असावं’ असं कुणी विचारलं असतं आणि बैठकीत ठरवून घेतलं असतं, तर तोच वाद तुमच्या कामी आला असता. अजूनही येईल. किती सराव चुकले तर मिरवणुकीत उभं राहायचं नाही, ताशाचं पुढारपण कुणाकडे आणि किती वर्षांसाठी, सुपारीच्या पैशाचं काय करायचं, हे तीन विषय खुले ठेवा आणि तुमचं मत सगळ्यात शेवटी सांगा.

जमतंय की नाही हे कसं ओळखायचं? जोश बघू नका, तो ढोलासमोर कुणालाही येतो. नियम कोण पाळायला लावतंय ते बघा. आपलं शहर २०१६ च्या स्वच्छता सर्वेक्षणात पंचविसावं होतं, २०१७ साली पहिलं आलं. पालिकेच्या दंडाचा आणि गाड्यांचा त्यात मोठा हात. पण मला इंदूर बदललं असं वाटलं ते गाडीच्या खिडकीतून वेष्टन टाकणाऱ्या पाहुण्याला मागच्या सीटवरच्या भाचीने झापलं तेव्हा. तुमच्याकडेही तसंच. ढोल आवरताना कुणी टिपरू इकडेतिकडे टाकलं आणि त्याला तुम्ही नाही, तर दुसऱ्या घोळक्यातल्या कुणीतरी टोकलं; सलग दोन सराव न आलेल्याला ‘काय रे, बरा आहेस ना’ असा फोन वेगळ्या घोळक्यातून गेला; नव्या मुलीला पथकाचे किस्से संस्थापकांऐवजी मागच्या वर्षी आलेल्यांनी सांगितले. हे दिसायला लागलं की पथकगीत कुणीतरी आपणहून लिहील. बहुधा वाईट लिहील, पण सगळे म्हणतील.

सोडून गेलेल्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. त्यांना ग्रुपवर जाहीर आवतण देऊ नका, एकेकाला घरी जाऊन भेटा, आणि परत या असं न म्हणता नक्की काय खुपलं ते ऐकून घ्या. जे ऐकाल त्यातलं तीन विषयांच्या बैठकीत नाव न घेता मांडा. गेरीच्या तयारीला त्यांच्यातला कुणी नुसता बघायला आला, तर त्याच्या हाती एक ढोल ताणायला द्या, आणि मागच्या वर्षीचा विषय त्या दिवशी कुणाला काढू देऊ नका.